आधी आईचं ताट

(बालआरोग्यविषयक वार्षिक स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी आपल्याकडच्या मुलांविषयी बोललं जातं. मेळघाट, नंदुरबार, पालघर ही नावं इथं येणाऱ्यांना नवी नाहीत. यंदा मी तुम्हाला थोडं लांब, बंगालच्या उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर नेणार आहे. घरदार टाकून पळालेल्या कुटुंबांतली तान्ही मुलं काय खातात-पितात, आणि ज्या गावांनी त्यांना आसरा दिला तिथली मुलं काय खातात-पितात, हा आजचा विषय आहे. मदतकार्याच्या कागदोपत्री हे दोन वेगळे विषय असतात. त्यांचा निधी वेगळा, यादी वेगळी आणि बऱ्याचदा दवाखानाही वेगळा. माझं म्हणणं असं, की हा एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बाळाच्या तोंडापाशी शोधण्याआधी आईच्या ताटात शोधायला हवं.

बांगलादेशाच्या आग्नेय टोकाला कॉक्सबाजार जिल्हा आहे. त्याच्या दक्षिणेला उखिया आणि टेकनाफ हे दोन उपजिल्हे. त्यांच्या पूर्वेला नाफ नदी आणि नदीपलीकडे म्यानमारचा राखाइन प्रांत. २५ ऑगस्ट २०१७ नंतर राखाइनमधल्या रोहिंग्यांवर लष्करानं जी कारवाई केली, तिच्यामुळे काही महिन्यांत सात लाखांवर माणसं नदी ओलांडून किंवा डोंगरवाटेनं अलीकडे आली. आधीच्या लाटांमधून आलेले लोक होतेच. कुतुपालोंग-बालुखालीच्या टेकड्यांवर बांबू आणि ताडपत्रीची वस्ती उभी राहिली आणि जगातली सर्वांत मोठी निर्वासित छावणी म्हणून तिचं नाव झालं. २०११च्या जनगणनेत उखिया आणि टेकनाफ मिळून लोकसंख्या होती सुमारे ४ लाख ७० हजार. छावण्यांतल्या माणसांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली. पाहुणे यजमानांच्या दुप्पट झाले.

ही काही पहिली लाट नव्हती. १९७८मध्ये सुमारे दोन लाख रोहिंग्या आले होते, १९९१-९२मध्ये अडीच लाख. १९७८च्या लाटेची एक कहाणी आपण विसरू नये. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे कॉक्सबाजारमधले तेव्हाचे अधिकारी ॲलन लिंडक्विस्ट यांनी नंतर एक अहवाल लिहिला. कोठारात धान्य होतं, तरी छावण्यांत माणसं उपासमारीनं आणि आजारानं मरत होती. पोटभर मिळालं तर हे लोक परत जाणार नाहीत, असा हिशेब शिधा ठरवणाऱ्यांच्या मनात होता. वर्षभरात दहा हजारांहून जास्त माणसं दगावली. त्यांत बायका आणि मुलंच अधिक होती. निर्वासिताचा शिधा किती असावा, हा प्रश्न दिसायला आहारशास्त्राचा आहे. पण तो ठरतो राजकारणात, आणि त्याची किंमत सगळ्यांत आधी घरातलं सगळ्यांत लहान माणूस मोजतं.

२०१७मध्ये आलेली मुलं मुळातच अशक्त होती. उत्तर राखाइनमध्ये वर्षानुवर्षं फिरण्यावर बंधनं होती, दवाखाने दूर होते, कुपोषण जुनं होतं. त्यात कित्येक दिवसांची पायपीट झाली. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१७मध्ये मुलांची पाहणी झाली, तेव्हा कुतुपालोंगच्या नोंदणीकृत छावणीत पाच वर्षांखालच्या शंभरातल्या सुमारे २४ मुलांना तीव्र कुपोषण होतं. शंभरातली सात-आठ मुलं तर आपल्या अंगणवाडीच्या भाषेत ‘सॅम’ होती, म्हणजे अतितीव्र कुपोषित. १५ टक्क्यांवर आकडा गेला की जागतिक आरोग्य संघटना त्याला आणीबाणी मानते. या गर्दीत बाळंत होणाऱ्या बायकाही होत्या. छावण्यांत पुढे दरवर्षी सुमारे तीस हजार बाळं जन्माला येऊ लागली.

आता या बाळांना काय मिळतं ते पाहू. पहिली गोष्ट दिलाशाची आहे. रोहिंग्या आया बाळाला अंगावर पाजतात, आणि बहुतेक जणी वर्ष-दोन वर्षं पाजतात. अडचण आहे ती स्तनपानाच्या दोन्ही टोकांना. जन्मल्याबरोबर बाळाच्या जिभेला मध किंवा साखरपाणी लावलं जातं. चीक कधी कधी वाईट समजून काढून टाकतात. उन्हाळ्यात ‘बाळाला तहान लागली असेल’ म्हणून पाणी पाजतात. खरं तर आईच्या दुधातच सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणी असतं आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळ्या पाण्याची गरज नसते. मग चौथ्या-पाचव्या महिन्यातच रव्याची किंवा तांदळाच्या पिठाची पातळ पेज सुरू होते. सहाव्या महिन्यानंतर बाळाला घट्ट, सकस खाणं हवं, तेव्हाही हीच पातळ पेज चालू राहते. अंडं, मासळी, डाळ ताटात यायला उशीर होतो.

हे ऐकताना तुमच्यापैकी अनेकांना आपलं घर आठवलं असेल. मध चाटवणं, बाळगुटी उगाळणं, चीक पिळून टाकणं हे आपल्या आज्यांनी केलेलंच आहे. आणि नदीअलीकडच्या उखियातल्या घरांतही जवळपास हेच चालतं. तिथले स्थानिक लोक चाटगावची बोली बोलतात, रोहिंग्यांची बोली तिच्या इतकी जवळची आहे की दोघांना एकमेकांचं कळतं. दोन्हीकडे धर्म बहुतांशी एकच. सासूचा शब्द दोन्हीकडे चालतो, घरात बाळंतपण करणारी सुईणही दोन्हीकडे आहे. बांगलादेशात २०१७-१८च्या राष्ट्रीय पाहणीत सहा महिन्यांखालच्या सुमारे ६५ टक्के बाळांना निव्वळ आईचं दूध मिळत होतं. सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या मुलांपैकी पुरेसा आणि चौरस आहार मात्र साधारण एक-तृतीयांशांनाच मिळत होता. म्हणजे सहा महिन्यांनंतरचा, दुधाकडून भाकरी-भाताकडे जाण्याचा काळ निर्वासितांइतकाच यजमानांसाठीही कठीण आहे. रोहिंग्या आईला ‘अडाणी’ ठरवून शिकवायला जाणाऱ्यानं छावणीच्या कुंपणाबाहेरचं पहिलं घर आधी पाहावं.

छावणीत काम करणाऱ्या परिचारिकांच्या कानावर सगळ्यांत जास्त पडणारं वाक्य एकच असतं: ‘दूध येत नाही.’ आपल्याकडेही पूर आला, भूकंप झाला, की हेच ऐकू येतं. भीतीनं दूध आटलं, उपासानं आटलं. यात खरं किती आणि समजूत किती?

दूध तयार होणं आणि पान्हा फुटणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दूध तयार करणारं संप्रेरक बाळाच्या चोखण्यानं वाढतं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. पान्हा सोडणारं संप्रेरक मात्र भीती, वेदना, लाज यांनी थोडा वेळ अडतं. आई घाबरलेली असेल तर दूध असूनही ते चटकन उतरत नाही. बाळ रडतं, आईला वाटतं दूध संपलं, शेजारीण म्हणते वरचं पाज. वरचं पाजलं की बाळ कमी ओढतं आणि मग दूध खरोखरच कमी होतं. समजूत स्वतःला खरं करून दाखवते. अर्धपोटी आईलाही बाळापुरतं दूध येतं. पण ती आपल्या अंगातलं देते, दिवसाला सुमारे पाचशे उष्मांकांइतकं. ती झिजते, बाळ वाढतं. म्हणून ‘आई उपाशी असली तरी दूध येतं’ हे शास्त्र जितकं खरं आहे, तितकंच ते निर्दय हातांत धोक्याचं आहे. आईला जेवायला न देण्याचा तो परवाना होता कामा नये.

बांबूच्या त्या झोपडीत नेमकं काय अडतं? पहिली अडचण आडोशाच्या जागेची. एका खोलीत सात-आठ माणसं, परके पुरुष शेजारी, मध्ये फक्त ताडपत्री. पडदा पाळणाऱ्या बाईनं बाळाला छातीशी धरायचं तरी कुठं? शौचालयं लांब आणि उघड्यावर, म्हणून बायका दिवसा पाणी पिणं टाळतात. पाजणाऱ्या आईनं तहान मारावी, यापरता उलटा प्रकार कोणता? मदत संस्थांनी पुढं छावण्यांत पडद्याआड पाजण्याच्या जागा केल्या. आधी बाळंत झालेली, स्वतः पाजणारी रोहिंग्या बाई तिथं येऊन बाळाला कसं धरायचं ते दाखवते. त्यातली बरीच जादू एवढीच, की आई अर्धा तास निवांत बसते, कुणी तिला पाणी देतं आणि कुणी तिचं ऐकून घेतं. पान्ह्याला याहून मोठं औषध सापडलेलं नाही.

आता मी डब्याकडे वळतो. आपत्ती आली की चांगल्या मनाची माणसं जी पहिली गोष्ट उचलतात, ती असते दुधाच्या भुकटीचा डबा. भुकेलं बाळ आणि दूध, याहून सरळ नातं कोणतं? पण बाळाला डब्यावर सहा महिने वाढवायचं तर सुमारे २० किलो भुकटी लागते. ती भुकटी निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून, ते ७० अंशांच्या खाली जायच्या आत भुकटी कालवायची, मग निववून पाजायची आणि भांडं पुन्हा उकळायचं. दिवसातून सात-आठ वेळा. कुतुपालोंगच्या टेकडीवर सरपण सहज मिळत नव्हतं, आणि सुरुवातीच्या काळात घरात साठवलेल्या पाण्याच्या निम्म्याहून जास्त नमुन्यांत विष्ठेतले जंतू सापडत होते. तिथं हा डबा कसा चालणार? आणि डबा देणारा सहा महिने तिथं थांबतो का? तो एका डब्यानिशी येतो, फोटो काढतो आणि जातो. डबा संपेपर्यंत आईचं दूध कमी झालेलं असतं.

इंडोनेशियातल्या योग्यकर्ता भागात २७ मे २००६ला भूकंप झाला. जगभरातून भुकटी आली आणि वाटली गेली. नंतरच्या पाहणीत, दान आलेली भुकटी मिळालेल्या लहान मुलांपैकी २५ टक्क्यांहून अधिक जणांना जुलाब झालेले आढळले. जिथं ती पोचली नव्हती, तिथं हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आत होतं. दान पोचलेल्या घरांत आजार दुप्पट.

ही गोष्ट आपल्याला पहिल्यांदा कुणी बजावून सांगितली, तर सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाईंनी. आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमध्ये काम करताना क्वाशिओरकर हा कुपोषणाचा आजार त्यांनी वैद्यकाच्या नजरेस आणला. पुढं त्यांची नेमणूक मलायात झाली. तिथं दूध-कंपन्यांच्या विक्रेत्या बायका परिचारिकांसारखा पोशाख घालून घरोघर जात आणि गोड आटवलेलं दूध बाळांसाठी खपवत. १९३९मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात विल्यम्सबाईंनी भाषण केलं. भाषणाचं नाव होतं ‘दूध आणि खून’. अजाणपणे किंवा नफ्यासाठी केलेल्या या प्रचाराला त्यांनी खुनाच्या पंक्तीला बसवलं. तीन वर्षांनी जपान्यांनी सिंगापूर घेतलं आणि बाई चांगीच्या तुरुंगात युद्धकैदी झाल्या. छळ सोसला, उपासमार सोसली. त्या तुरुंगात वीस बाळं जन्मली, वीसही आईच्या दुधावर राहिली आणि वीसही जगली, असं त्या नंतर सांगत. वरचं दूध तिथं मिळणारच नव्हतं. उपाशी, बंदिवान बायकांनी बाळं जगवली हे जितकं खरं, तितकंच त्या बायका एकमेकींना धरून होत्या हेही.

विल्यम्सबाईंच्या भाषणानंतर ४२ वर्षांनी, २१ मे १९८१ला, जागतिक आरोग्य सभेनं बालदुधाच्या विक्रीबाबतची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता मंजूर केली. बाजूनं ११८ मतं, विरुद्ध एकच, अमेरिकेचं. भारतानं १९९२मध्ये आपला कायदा केला आणि १ ऑगस्ट १९९३पासून तो लागू झाला. बांगलादेशानं २०१३मध्ये नवा, कडक कायदा केला. निर्वासितांच्या छावण्यांसाठी वेगळे नियमही ठरले. २००१मध्ये त्यांची पहिली मार्गदर्शिका निघाली. तिचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. बालदुधाचं आणि बाटल्यांचं दान मागू नये आणि आलं तर स्वीकारू नये. ज्या बाळाला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी ते विकत घ्यावं, मोजून द्यावं आणि त्या बाळाची गरज संपेपर्यंत देत राहावं.

अशी बाळं असतात हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या क्षेत्रातले काही उत्साही लोक ते विसरतात. आई वाटेत दगावलेली असते. बाळ एखाद्या मावशीबरोबर आलेलं असतं. आणि असेही देश आहेत जिथं युद्धाआधीच डब्याची सवय खोल रुजलेली होती. सीरियातून २०११नंतर लेबनॉनमध्ये जे लोक गेले, त्यांच्यात निव्वळ स्तनपान निम्म्याहून कमी बाळांना मिळत होतं, आणि यजमान लेबनॉनमध्येही ते कमीच होतं. तिथं निर्वासितांसाठी मोठ्या छावण्या नव्हत्या, भाड्याच्या खोल्या आणि शेतांतले तंबू होते. दर चार-पाच माणसांमागे एक सीरियन, अशी वस्ती झाली. २०१९नंतर लेबनॉनचं चलन कोसळलं, आणि २०२१मध्ये दुकानांतून बालदूध गायब झालं तेव्हा बैरुतची आई आणि बेका खोऱ्यातल्या तंबूतली आई एकाच डब्यासाठी वणवण करत होत्या. ज्या बाईचं दूध चार महिन्यांपूर्वीच बंद झालंय तिला ‘अंगावर पाजा’ एवढंच सांगून निघून जाणं ही क्रूरता आहे. कुणी रोज सोबत केली तर पुन्हा दूध येऊ शकतं. ते आलं नाही तर त्या बाळाला वाटी-चमच्यानं पाजायचं सुरक्षित दूध मिळणं हा त्याचा हक्क आहे. बाटली मात्र नको, ती धुणं फार अवघड.

तिसरी वाट म्हणजे दुसऱ्या बाईचं दूध. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं. कमी वजनाची असंख्य बाळं अशा दुधावर जगली आहेत. ढाक्यात २०१९च्या अखेरीस अशीच पेढी सुरू करण्याची तयारी झाली होती, पण धार्मिक आक्षेपांमुळे ती थांबली. इस्लामी परंपरेत एकाच बाईचं दूध प्यालेली मुलं भावंडं होतात, त्यांचं पुढं लग्न होऊ शकत नाही. पेढीत दूध एकत्र होतं, मग कोण कुणाचं भावंड हे कळायचं कसं? हा आक्षेप हसण्यावारी न्यायचा नाही, कारण त्यातच उत्तरही आहे. परंपरेला दूध देणं मान्य आहे, नातं माहीत असलं की झालं. म्हणून छावणीत आईविना आलेल्या बाळाला मावशी, चुलती किंवा ओळखीची शेजारीण पाजते तेव्हा कुणाची हरकत नसते. मदत करणाऱ्यानं तिथल्या लोकांना आधी विचारलं, तर अशा वाटा सापडतात.

आता यजमानांकडे येतो. २०१७च्या पावसाळ्यात पहिल्यांदा भात शिजवला तो उखिया-टेकनाफच्या गावकऱ्यांनी. संस्थांचे ट्रक नंतर आले. लोकांनी अंगणं दिली, शाळा दिल्या, जमिनी दिल्या. पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या वाट्याला काय आलं? रोजंदारी उतरली, कारण कमी पैशांत राबणारे हात हजारोंनी आले. भाजी, मासळी महागली. टेकड्यांवरचं रान सरपणासाठी साफ झालं. नाफ नदीतली मासेमारी सरकारनं २०१७मध्ये बंद केली. तिथल्या कोळ्याच्या घरात ताटातली मासळी आणि खिशातले पैसे, दोन्ही एकदम आटले. त्या घरातल्या दीड वर्षाच्या मुलाच्या पेजेत मासळीचा तुकडा कमी झाला, याची नोंद निर्वासितांच्या कुठल्याच तक्त्यात होत नव्हती.

बाजारानं मात्र दोन्ही घरं केव्हाच जोडली होती. निर्वासितांना सुरुवातीला तांदूळ, डाळ आणि तेल मिळायचं. त्यावर बाळ वाढत नाही, मोठ्यांचंही भागत नाही. म्हणून लोक थोडी डाळ, थोडं तेल उखियाच्या बाजारात विकायचे आणि सुकी मासळी, पालेभाजी, मिरची घ्यायचे. स्थानिक घरांना डाळ-तेल स्वस्त मिळायचं. वरून पाहणाऱ्याला हा गैरव्यवहार वाटतो. पण त्या व्यवहारात एक आई आपल्या बाळाच्या वाटीत मासळी आणत असते आणि दुसरी आपल्या मुलाच्या भातावर डाळ. पुढं शिध्याऐवजी कार्डावर ठरावीक रक्कम मिळू लागली आणि त्या रकमेत अंडी, भाजी, सुकी मासळी घेता येऊ लागली, तेव्हा व्यवस्थेनं लोकांच्याच शहाणपणाची री ओढली.

सरपणाचा धागा तर बाळाच्या दुधापर्यंत थेट जातो. लाकडं आणायला बाई पहाटे निघते आणि दुपारी परतते. तेवढा वेळ बाळ मोठ्या बहिणीच्या कडेवर, पातळ पेजेवर किंवा पाण्यावर. २०१८पासून छावण्यांत स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या वाटायला सुरुवात झाली आणि आसपासच्या स्थानिक घरांनाही त्या दिल्या गेल्या. जंगल वाचावं म्हणून ही योजना आली. पण माझ्या दृष्टीनं ती स्तनपानाचीही योजना आहे, कारण तिनं आईला बाळाजवळचे तास परत दिले. मार्च २०१८मध्ये जी पहिली मोठी संयुक्त योजना निघाली ती सुमारे ९५ कोटी डॉलरची होती, १३ लाख माणसांसाठी. त्या १३ लाखांत तीन लाखांहून अधिक स्थानिक लोक धरलेले होते. हे शहाणपणाचं होतं. तसंच कुपोषण ओळखायला मुलांचा दंडघेर मोजायची पट्टीही छावणीच्या आत आणि बाहेर एकच हवी. पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की मूल कुणाचं आहे हे विचारायची गरज उरत नाही.

आणि मग पैसे आटतात. २०२३च्या मार्चमध्ये छावणीतला माणशी मासिक शिधा १२ डॉलरवरून १० वर आला, जूनमध्ये ८ वर. आठ डॉलर महिन्याला, म्हणजे दिवसाला २७ सेंट. कार्डावर अंडी घेता येतात खरं, पण आधी तांदूळ घ्यावा लागतो. कपात झाली की यादीतून सगळ्यांत आधी अंडं जातं, मग मासळी, मग भाजी. घरात शेवटी जेवणारी बाई, म्हणजे बहुधा पाजणारी आई, सगळ्यांत आधी उपाशी राहते. २०२३च्या अखेरीस मुलांतलं तीव्र कुपोषण पुन्हा १५ टक्क्यांच्या रेषेवर आलं. पुढं शिधा काहीसा वाढला, पण तो टिकेल याची खात्री नसते, आणि अनिश्चिततेत आई स्वतःच्या ताटातलंच बाजूला काढून ठेवते. १९७८चा हिशेब आज कुणी मुद्दाम मांडत नाही. पण बाळाला कारणाशी काय करायचंय? त्याच्यापर्यंत परिणाम तोच पोचतो.

आपण स्वतः यजमान होतो तो काळ इथं आठवायला हवा. १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. त्यांच्यासाठी टपालावर पाच पैशांचा जादा आकार लागला आणि ‘शरणार्थी साहाय्य’ची तिकिटं निघाली. आपल्या नाशिकच्या छापखान्यात त्यासाठी जुन्या तिकिटांवर नवा शिक्का छापला गेला. सीमेवरच्या बनगाव इथल्या रुग्णालयात कॉलरानं माणसं जमिनीवर पडून मरत होती. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांच्या पुड्या करून घेतल्या, पिंपांत पाणी कालवलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. त्यांत बहुतेक आया होत्या. तिथं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. तेव्हाच्या वैद्यकाला हे धाडस वाटत होतं, कारण उपचार बाईच्या हाती द्यायची पद्धत नव्हती. महालनबीस यांनी आईवर विश्वास ठेवला आणि तिला वेळेवर, पुरेसं सामान दिलं. जुलाब झालेल्या बाळाचं अंगावरचं दूध थांबवायचं नाही, हा आजचा नियमही याच उपचाराच्या परंपरेतला आहे. १९७१मध्ये बनगावात जे कळलं, ते उखियात आणि बेका खोऱ्यात पुन्हा पुन्हा शिकावं लागतं.

मराठी घरात बाळंतिणीची काळजी कशी घेतात ते तुम्हाला सांगायला नको. सव्वा महिना तिला उचलू-ठेवू देत नाहीत, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, गरम भात-तूप. बाळासाठी या काळात स्वयंपाकघरात काहीही शिजत नाही, जे शिजतं ते आईसाठी. या रीतीतल्या काही गोष्टींवर आधुनिक वैद्यक बोट ठेवेल, पण तिचा पाया पक्का आहे. आईला खाऊ घाला, तिला निवांतपणा द्या, तिच्याजवळ जाणत्या बाईला बसवा. निर्वासितांच्या बालपोषणावरची जाडजूड मार्गदर्शिका उघडली तर पहिल्या काही पानांवर हेच सापडतं. गोम एवढीच, की परक्या बाईच्या बाबतीत आपण हे विसरतो आणि तिच्या बाळासाठी डबा घेऊन धावतो.

म्हणून शेवटी एक अगदी व्यवहाराचं सांगतो. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापुरात पूर आला तेव्हा महाराष्ट्रभरातून ट्रक निघाले. पुढचा पूर, पुढची दरड, पुढचा भूकंप येईल तेव्हा तुमच्याच संस्थेच्या दारात पुन्हा यादी लागेल. त्या यादीत ‘लहान मुलांसाठी दूध पावडर आणि बाटल्या’ ही ओळ असू देऊ नका. आपल्या १९९२च्या कायद्यानुसार बालदूध आणि दुधाच्या बाटल्या अनाथालयाखेरीज कुणालाही दान करता येत नाहीत, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्या ओळीच्या जागी लिहा: शेंगदाणे, गूळ, डाळ, तेल, अंडी, ओआरएसच्या पुड्या, चार पातळं आणि आडोशासाठी एक मोठा कापडी पडदा. ज्या गावानं पूरग्रस्तांना शाळेत जागा दिली आहे, त्या गावातल्या बाळंतिणींचीही नावं यादीत घाला. आईविना बाळ सापडलं तर डबा शोधण्याआधी आरोग्य केंद्राला फोन करा, तिथल्या डॉक्टरांना आणि आशाताईंना पुढं काय करायचं ते ठाऊक असतं. एवढं केलंत, तर उखियाच्या टेकड्यांवर महागात शिकलेला धडा आपल्याकडच्या बाळांना पुन्हा गिरवावा लागणार नाही.